पत्त्याची शेपटी

लॉर्ना हापालानं पहिलं हाड मोडलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि ते हाड तिच्या बापाचं होतं.

आर्वो हापाला मेसाबीच्या लोखंडाच्या खाणीत ड्रिल चालवायचा. कामाला वाघ, चर्चमध्ये मान खाली घालून बसणारा, शेजारच्या म्हातारीच्या छपरावरचा बर्फ न सांगता काढून देणारा. घरात मात्र पट्टा. शनिवारी सौना, म्हणजे अंगणातली वाफेची खोली, तापली की तो आत बिअर घेऊन बसायचा, आणि बाहेर आला की कुणाचा तरी नंबर लागायचा. त्या शनिवारी धाकट्या मार्लिसचा लागला. सात वर्षांची पोर. गुन्हा काय, तर टॉवेल ओला ठेवला. पट्ट्याचं बक्कल तिच्या पाठीवर तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा लॉर्नानं भट्टीपाशी रचलेल्या बर्चच्या ओंडक्यांतला एक उचलला आणि बापाच्या कोपरावर घातला. काडकन आवाज झाला. आर्वो मटकन खाली बसला आणि लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला.

"दम आहे पोरीत," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं लॉर्नाच्या अंगाला कधी हात लावला नाही. मार्लिसच्या लावला, लॉर्ना घरात नसली की. "मी आहे ना, तुला काही होणार नाही," असं लॉर्ना बहिणीला सांगायची, आणि अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा बॅग भरून मिनियापोलिसला निघून गेली. मार्लिस तेव्हा अकरा वर्षांची होती. या एका गोष्टीसाठी लॉर्नानं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे.

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ती केबल ओढायला म्हणून लागली आणि पंधरा वर्षांत सगळं जाळं तिच्या हाताखाली आलं. तिला ते काम आवडायचं, कारण यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं. आर्वोच्या पट्ट्याला कारण नसायचं. पुढे ती इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींत ओढली गेली. आता ही मंडळी म्हणजे एक अजब कारभार. ना सरकार, ना कंपनी, ना सभासदत्व. ज्याला यायचं त्यानं यावं, मेलिंग लिस्टवर लिहावं, वर्षातून तीनदा कुठल्यातरी हॉटेलात भरणाऱ्या सभेत माइकसमोर रांग लावावी. कुणीही उठून आक्षेप घेतला तर तो कोण, कुठला, हे बघायचं नाही. आक्षेपात दम आहे का एवढंच बघायचं. आणि मतदान नाही. अध्यक्ष विचारतो, "ज्यांना पटतंय त्यांनी हुंकार भरा," की दोन-अडीचशे माणसं ओठ मिटून गुणगुणतात. मग ज्यांना पटत नाही ते. कुठला हुंकार मोठा हे अध्यक्षानं कानानं ठरवायचं. कोणाचा आवाज कुठला ते कळत नाही, त्यामुळे नंतर कुणाला कोपऱ्यात गाठून जाब विचारता येत नाही.

पहिला हुंकार ऐकला तेव्हा लॉर्ना बाथरूममध्ये जाऊन रडली. एवढ्या मोठ्या खोलीत सगळ्यांनी आपापलं मत दिलं आणि कुणाच्याही कानाखाली बसली नाही, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांत ती स्वतः एका गटाची अध्यक्ष झाली. ओंडका सोडून तिनं जीभ हातात घेतली होती, एवढाच फरक. तिच्या गटात कुणी तयारीशिवाय बोलायला उठला तर ती त्याला सोलून काढायची. त्याच काळात तिनं तो मसुदा लिहिला ज्यामुळे तिचं नाव झालं. इंटरनेटसाठी नवी, लांबलचक पत्त्यांची पद्धत येत होती. पत्त्याचे दोन भाग. पुढचा भाग सांगणार की यंत्र कुठल्या जाळ्यात बसलंय. मागचा भाग, म्हणजे शेपटी, यंत्रानं कारखान्यात आपल्यावर कोरलेल्या आकड्यावरून आपली आपण बनवायची. आकडा मधोमध चिरायचा आणि त्या चिरेत एफ-एफ-एफ-ई ही चार अक्षरं बसवायची, की सोळा आकड्यांची शेपटी तयार. कुणाला विचारायला नको, कुणी वाटायला नको. यंत्र जिथं जाईल तिथं पुढचा भाग बदलेल आणि शेपटी तीच राहील. खोलीतल्या लोकांना ते इतकं देखणं वाटलं की त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

एकच माणूस रांगेत उभा राहिला. रेआल थिबोदो, कॅनडातल्या त्रुआ-रिव्हिएरचा, पन्नाशीचा, कायम चुरगळलेला कोट. "बाई, यंत्राला जन्मभर एकच नाव दिलंत, तर ज्याला पाठलाग करायचाय तो करेल," तो म्हणाला.

"यंत्राचा पाठलाग? लॅपटॉपमागे कोण धावतंय, रेआल? आणि धावला तर दमेल बिचारा."

खोली खदखदून हसली. रेआल काही तरी बोलायला गेला, तर लॉर्नानं माइक बंद करायची खूण केली. मग तिनं हुंकार मागितला, आणि तिच्या बाजूचा हुंकार असा भरला की टेबलावरच्या ग्लासांतलं पाणी थरथरलं.

इकडे मार्लिसचं लग्न झालं होतं. कर्ट ब्रॅन्डव्होल्ड, खाणीतला इलेक्ट्रिशियन. खाण मंदावली, कर्ट घरी बसला, तेव्हा मेव्हण्याला उभं करायचं म्हणून लॉर्नानंच त्याला नेटवर्कचं काम शिकवलं. सुट्टीच्या सुट्टी ती गावी जायची आणि दोघं तळघरात केबलींच्या गुंत्यात बसायचे. कर्ट हुशार होता, मन लावून शिकायचा, एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. त्यानं गावात इंटरनेट आणलं. चर्चचं पान, हॉकी क्लबचं पान, शाळेचं पान, सगळं त्याच्या तळघरातल्या सर्व्हरवर. गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं. लॉर्नानं त्याला आपल्या नव्या पत्त्यांचा एक तुकडाही चाचणीसाठी दिला. तिचा तो सर्वांत आवडता विद्यार्थी होता, आणि म्हणून मार्लिसच्या मनगटावरचे डाग तिला तीन नाताळ दिसले नाहीत.

चौथ्या नाताळात मार्लिस हॉटडिशचं भांडं ओव्हनमधून काढत होती, बाही वर सरकली आणि लॉर्नाला आतल्या बाजूला तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाचे चटके दिसले. ओळीनं, सारख्या अंतरावर. ते आयर्न लॉर्नानंच कर्टला भेट दिलेलं होतं.

"हे कधीपासून?"

"हळू बोल. तो खाली आहे."

"मार्लिस, कधीपासून?"

"तू त्याला ते शिकवायच्या आधीपासून. आधी नुसता हात होता."

लॉर्ना तशीच तळघराच्या जिन्याकडे धावली. मार्लिसनं तिला मागून मिठी घालून अडवलं. "तू आज त्याला मारशील आणि उद्या मिनियापोलिसला जाशील," ती कानात म्हणाली. "मग मी इथंच असेन." लॉर्ना जिन्याच्या तोंडाशी थांबली.

तेव्हा पळवायचं ठरलं. लॉर्नानं सगळं जाळ्याच्या नकाशासारखं आखलं. सीमेपलीकडे थंडर बे गावातल्या एका कॉलेजच्या वाचनालयात तिची ओळख होती, तिथं मार्लिसला पुस्तकं लावायची नोकरी. नाव बदललं, केस कापले, गाडी विकली, फोन टाकला, बँक बदलली. कर्ट घरातलं मशीन चाळायचा, म्हणून ईमेलही नवा. लॅपटॉप मात्र मार्लिसनं जुना आपलाच घेतला, त्यात आईची पत्रं होती. लॉर्नानं पत्रं तेवढी ठेवून तो साफ केला आणि कॉलेजच्या जाळ्याला लावला, तिथंही हेच नवे पत्ते होते. पत्ता तपासला. पुढचा भाग कॅनडातला, कर्टच्या घराशी सुतराम संबंध नाही.

"आता बिनधास्त वापर. तू कुठं आहेस हे देवालाही कळणार नाही."

नेटवर्कची माणसं पत्त्याचा पुढचा भागच वाचतात. मागचा भाग यंत्राचा खासगी मामला म्हणून नजरेआड करतात. वीस वर्षं पत्ते वाचणाऱ्या बाईनं स्वतःच्या बहिणीचा पत्ता अर्धाच वाचला. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं अख्खी ओळ वाचली असती.

फेब्रुवारीत चर्चमध्ये कॉफी-ब्रेडची विक्री होती आणि त्यांच्या आईचा फोटो चर्चच्या पानावर लागला, हातात पुल्ला, म्हणजे वेणीसारखा गुंफलेला गोड पाव, घेऊन. मार्लिसला फक्त आईचा चेहरा बघायचा होता. तिनं पान उघडलं, मिनिटभर पाहिलं आणि बंद केलं. पान कर्टच्या तळघरातल्या सर्व्हरवर होतं. सर्व्हरनं आलेल्या प्रत्येकाचा पत्ता टिपला, आणि कर्टनं तो पुढून वाचायच्या आधी मागून वाचला. घरात तीन वर्षं वापरलेल्या मशीनची शेपटी त्याला तोंडपाठ होती. मग पुढचा भाग त्यानं शांतपणे शोधला, आणि तो कसा शोधायचा हे त्याला लॉर्नानंच शिकवलं होतं.

चार तास गाडी चालवून तो थंडर बेला गेला. मासेमारीसाठी तळ्यावरचा बर्फ फोडायची पहार त्याच्या गाडीत होतीच, आमच्याकडे कुणाच्या गाडीत नसते? कुणी सीमेवर विचारलंही नाही. वाचनालयाच्या तळमजल्यावर मार्लिस नकाशांच्या कपाटापाशी वाकलेली असताना त्यानं पहिला घाव घातला तो तिच्या जबड्यावर. ती पडली तरी तो थांबला नाही. तोंडानं काही तरी आकडे म्हणत होता, असं नंतर कोर्टात सफाई कामगार रॉसनं सांगितलं, सावकाश, एकेक आकडा आणि एकेक घाव. मार्लिसनं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला तेव्हा त्या हाताची तीन बोटं गेली. डावा डोळा पहारीच्या टोकानं गेला. रॉसनं आग विझवायचं सिलिंडर कर्टच्या मानेवर घातलं नसतं तर सोळाच्या सोळा आकडे पुरे झाले असते. रॉस आला तेव्हा कर्ट अकराव्यावर होता.

लॉर्ना पोहोचली तेव्हा मार्लिस शुद्धीवर आली होती. जबडा तारांनी आवळलेला, चेहरा कुणाचा आहे ते ओळखू येत नव्हतं. नर्सनं मुलांची पुसायची पाटी दिली होती. मार्लिसनं डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं, 'तो म्हणत होता एफ एफ एफ ई.' मग पुसून लिहिलं, 'शिवी आहे का ही?'

लॉर्नानं ती चार अक्षरं पाहिली. ती तिचीच होती. कुठल्या परिच्छेदात, कितव्या ओळीत लिहिली होती ते तिला डोळ्यांपुढे दिसलं. खोलीत हशा पिकला होता तेही आठवलं. तिनं भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, कपाळ फुटून रक्त आलं तेव्हा नर्सनं तिला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी परत आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मार्लिस ऐकत होती, एकाच डोळ्यानं. मग तिनं पाटी ओढली. 'तो सुटेल. तोपर्यंत ही शेपटी मारून टाक.'

कर्टला सात वर्षांची शिक्षा झाली. पण शिक्षेचा दोन तृतीयांश भाग झाला की सोडतात, म्हणजे हातात पावणेपाच वर्षं. तेवढ्यात जगातल्या प्रत्येक यंत्राची शेपटी बदलायची होती, नाहीतर मार्लिसला जन्मभर कुठल्याही संगणकाला हात लावता येणार नव्हता, की आईचा फोटो बघता येणार नव्हता. आणि हुंकाराच्या मंडळींना एक स्वल्पविराम हलवायला दोन वर्षं लागतात!

लॉर्नानं रेआलला फोन केला. "तू त्या दिवशी बरोबर होतास."

"ठाऊक आहे मला."

"रेआल, मी तुझा माइक बंद केला."

"तेही ठाऊक आहे. कान अजून शाबूत आहेत माझे." मग त्यानं काय झालं ते विचारलं, आणि लॉर्नानं सांगितलं. "तुझ्या बहिणीला बरं वाटलं की माझ्या बहिणीच्या, युगेतच्या शेतावर पाठव," तो म्हणाला. "युगेत बडबडते फार, पण तिच्याकडे दोन शिकारी बंदुका आहेत आणि तिला कुणी फसवू शकत नाही. तिथं संगणक नाही. तू मसुदा लिहायला घे."

चार-पाच वर्षं लिहिणं आणि भांडणं चाललं. यंत्रानं ठराविक काळानं नवी, बिनओळखीची शेपटी घ्यावी असा मसुदा होता. त्यावर कुणी म्हणे, मग चोर कसे पकडायचे? कुणी म्हणे, आमच्या कंपनीनं लाखो यंत्रं विकलीत, ती परत बोलवायची काय? लॉर्ना सगळ्यांना तांत्रिकच उत्तर द्यायची. बहिणीबद्दल तिनं खोलीत एक शब्द काढला नाही. दयेपोटी भरलेला हुंकार तिला नको होता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. हल्ल्याला पाच वर्षं झाली त्या मार्चमध्ये मिनियापोलिसच्या सभेत शेवटचा हुंकार घ्यायचं ठरलं.

कर्ट नोव्हेंबरात सुटला होता. मार्लिसच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. लॉर्नाच्या जवळ फिरकू नये असा नव्हता.

हुंकार मागायला लॉर्ना उठली तेवढ्यात रांगेत एक माणूस येऊन उभा राहिला. वजन घटलेलं, दाढी राखलेली. गळ्यात सगळ्यांसारखाच बिल्ला. माइकवर आधी नाव सांगायचं असतं.

"कर्ट ब्रॅन्डव्होल्ड. कुठल्या कंपनीचा नाही. सध्या मोकळाच आहे." लोक हसले. "अध्यक्षबाई, मसुदा छान झालाय. एक भोक राहिलंय फक्त. यंत्र नवी शेपटी घेतं, पण जुनी मरत नाही. ते दोन्हींना ओ देतं. मला जुनी शेपटी पाठ असेल तर मी या जाळ्यात हाक मारीन, त्या जाळ्यात मारीन, दार-दार फिरेन. कुठून तरी ओ येईलच की."

आक्षेपात दम होता. पुढच्या रांगेतला एक पोरगेला इंजिनिअर वळून म्हणाला, "तोंडानं कुणीही बोलेल. चालवून बघितलंय का?"

"बघितलंय ना. घाबरू नका, माझ्याच लॅपटॉपवर."

पुन्हा हशा. त्या हशाच्या आडून कर्टनं लॉर्नाकडे पाहिलं आणि आवाज न करता ओठ हलवले. एफ, एफ, एफ, ई.

लॉर्ना त्रेपन्न वर्षांची होती, गुडघे दुखत होते, आणि ती व्यासपीठावरून टेबल ओलांडून उतरली. माइकचा लोखंडी दांडा तिनं दोन्ही हातांनी उपटला आणि त्याच्या तोंडावर घातला. ध्वनिक्षेपक किंचाळले. दुसऱ्या फटक्यानं त्याच्या गालाचं हाड आत गेलं, तिसरा त्यानं हातावर घेतला आणि तिचा गळा धरला. दोघं खुर्च्यांवर कोसळले. तो वरून तिचं डोकं जमिनीवर आपटत होता आणि ती त्याचा अंगठा दातांत धरून सोडत नव्हती. रेआल साठीचा माणूस, त्यानं कर्टच्या केसांना धरून मागे ओढलं. मग चार-पाच जण धावले. दोनशे माणसं भिंतीला लागून उभी होती. वर्षानुवर्षं ज्या खोलीत कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं तिथल्या गालिच्यावर दात पडले होते, दोन त्याचे आणि एक तिचा.

"सांग त्यांना मी कोण आहे," कर्ट रक्त थुंकत ओरडला. "सांग! माझा आक्षेप खरा आहे की नाही तेवढं सांग!"

लॉर्नाला पोलिसांनी धरलं होतं. ती धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली. मग खोलीकडे वळली. "आक्षेप खरा आहे," ती म्हणाली. "आज हुंकार नको." पोलीस तिला घेऊन गेले.

न्यायाधीशानं वर्षभराची देखरेख आणि राग आवरायचा वर्ग लावला. मंडळींनी अध्यक्षपद काढून घेतलं आणि वर्षभर सभेला यायला बंदी घातली. लॉर्ना कुणाशी भांडली नाही. युगेतच्या शेतावर जाऊन राहिली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसुदा परत लिहायला बसली. शिकाऱ्यानंच शिकारीची वाट दाखवली होती. ती बुजवायला आता अवघड नव्हतं. कारखान्याचा आकडा पत्त्यात कधीच येणार नाही. यंत्र जाळ्या-जाळ्यात नवी शेपटी बनवेल, आणि जुनीला हाक मारली तर कुणी ओ देणार नाही. तीन महिन्यांत तिनं तो चालवून दाखवला. समोर बसून मार्लिस बटाटे सोलायची, सात बोटांनी.

पुढचा हुंकार व्हँकुव्हरला झाला. रेआल हंगामी अध्यक्ष. तिथला आवाज इंटरनेटवरून ऐकता यायचा, म्हणून युगेतच्या घरात पहिल्यांदा लॅपटॉप आला. रेआलचा खरखरीत आवाज आला, "पटतंय त्यांनी हुंकार भरा." आणि मग तो आवाज, खोल, लांब, थांबता न थांबणारा. "पटत नाही त्यांनी." एखाददुसरा खोकला.

"एवढंच?" मार्लिस म्हणाली.

"एवढंच."

"ह्यासाठी पाच वर्षं? गायी बऱ्या तुमच्यापेक्षा."

युगेत पोट धरून हसली. लॉर्नाही हसली, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून हमसून रडली.

प्रश्न राहिला तो शेवटच्या पानाचा. नियम छापताना शेवटी आभार मानतात. ज्यानं ज्यानं चूक दाखवली त्याचं नाव तिथं घ्यायचंच, हा त्यांचा फार जुना आणि कडक शिरस्ता. छपाईच्या आधी मेलिंग लिस्टवर पत्र आलं: 'मी दाखवलेलं भोक तुम्ही बुजवलंत, पण आभारांत माझं नाव दिसत नाही. कर्ट ब्रॅन्डव्होल्ड.' दोघा-तिघांनी त्याला दुजोराही दिला. माणूस कसाही असो, आक्षेप त्याचा होता, हे खरंच होतं.

"हात कलम झाला तरी मी ते नाव लिहिणार नाही," लॉर्ना फोनवर रेआलला म्हणाली. "नियमच मागे घे हवा तर."

"नियम मागे घेतला तर शेपटी जिवंत राहील, लॉर्ना."

"मग दुसरं कुणी लिहा! माझ्या हातून नाही होणार ते!"

मार्लिसनं तिच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर ठेवला. "लिही," ती म्हणाली.

"वेडी झालीस का?"

"शिरस्ता आहे ना? मग लिही. मी सांगते तसं लिही. तांत्रिकच लिही, तुमच्या लोकांना चालेल असं."

तिनं सांगितलं आणि लॉर्नानं टाइप केलं. दोनदा तिची बोटं थांबली. दोन्ही वेळा मार्लिस वाट बघत राहिली.

मसुदा दोन आठवडे सगळ्यांसमोर राहिला. एकच आक्षेप आला, कर्टचा: हा मजकूर बदनामीचा आहे, काढावा. शिरस्त्याप्रमाणे रेआलनं त्याला उत्तर दिलं: मजकुरातली कुठली गोष्ट चुकीची आहे ते दाखवावं. चुकीचं असेल ते लगेच दुरुस्त करू. मुदत संपेपर्यंत कर्टकडून काही आलं नाही. नियम छापला गेला, आणि एकदा छापलेल्या नियमातलं अक्षर त्या मंडळींत कुणालाही बदलता येत नाही.

छापलेलं पान आलं त्या दिवशी युगेतनं वाटाण्याचं सूप केलं होतं. ते थंड होईपर्यंत कुणी चमचा उचलला नाही. "वाच," मार्लिस म्हणाली. लॉर्नानं चष्मा लावला आणि आभारांचा परिच्छेद वाचायला सुरुवात केली.

"स्थिर शेपटीवरून माणूस शोधून काढता येतो हे कर्ट ब्रॅन्डव्होल्ड यांनी दाखवून दिलं. ही चाचणी थंडर बे येथे झाली. चाचणीत..."

पुढे तिला वाचवेना. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दापाशी आवाज फुटला. मार्लिसनं तिच्या हातातून कागद काढून घेतला, दिव्याकडे धरला, आणि वाकड्या जबड्यानं एकेक शब्द सावकाश लावत वाचलं, "चाचणीत मार्लिस हापाला यांचा जबडा, डावा डोळा आणि उजव्या हाताची तीन बोटं वापरण्यात आली. लेखिका दोघांचीही ऋणी आहे. पहिली चूक लेखिकेची होती."